मतिलाल यांचे संशोधन : तर्क, भाषा आणि मन यांचा एकत्र विचार

अनुव्यवसाय (धागालेखक)

प्राध्यापक बिमलकृष्ण मतिलाल (१९३५–१९९१) यांच्या कामावर इथे सविस्तर बोलणे व्हावे, अशी फार दिवसांची इच्छा होती. भारतीय तत्त्वज्ञान म्हणजे मोक्ष, माया आणि साक्षात्कार एवढीच त्याची ओळख बाहेरच्या जगात रूढ असताना, न्यायदर्शन, व्याकरण आणि बौद्ध प्रमाणशास्त्र (ज्ञानाच्या साधनांचा विचार) यांतील काटेकोर युक्तिवाद ज्यांनी आयुष्यभर मांडले, त्यांत मतिलाल यांचे नाव अग्रभागी येते. कलकत्त्याच्या संस्कृत महाविद्यालयात ते पंडितांकडे नव्यन्याय, म्हणजे न्यायदर्शनाची काटेकोर परिभाषेची उत्तरकालीन शाखा, शिकले आणि तिथेच शिकवूही लागले. नंतर हार्वर्डला जाऊन त्यांनी डॅनियल इंगल्स यांच्या मार्गदर्शनाखाली नव्यन्यायातील अभावविचारावर (एखादी गोष्ट ‘नसणे’ म्हणजे काय, यावर) प्रबंध लिहिला, आणि त्याच काळात क्वाइन यांच्याकडे आधुनिक तर्कशास्त्राचा अभ्यास केला. पुढे टोरांटो, आणि १९७६ पासून अखेरपर्यंत ऑक्सफर्डचे स्पाल्डिंग प्राध्यापकपद. ‘जर्नल ऑफ इंडियन फिलॉसॉफी’ या नियतकालिकाचे ते संस्थापक संपादक होते.

चरित्र इथेच थांबवतो, कारण मला त्यांच्या कामातील एका मूळ सूत्राविषयी बोलायचे आहे. आजच्या विद्यापीठांत तर्कशास्त्र, भाषेचे तत्त्वज्ञान आणि मनाचे तत्त्वज्ञान हे तीन वेगळे अभ्यासविषय मानले जातात. मतिलाल यांच्या पुस्तकांतही वरवर हीच वाटणी दिसते: १९६८ चे पुस्तक निषेधाच्या तर्काचे, १९८६ चे ‘परसेप्शन’ प्रत्यक्षाचे आणि मनाचे, १९९० चे ‘द वर्ड अँड द वर्ल्ड’ भाषेचे. माझे म्हणणे असे आहे की ही तिन्ही पुस्तके एकाच प्रश्नाभोवती फिरतात, आणि तो प्रश्न म्हणजे ज्ञानाची घडण. न्यायदर्शनात ज्ञान ही घडणारी गोष्ट आहे. ते आत्म्यात उपजते, अल्पकाळ टिकते, पुढच्या ज्ञानाला कारण होते आणि नाहीसे होते. ते यथार्थ असते तसेच अयथार्थही असते. निर्विकल्पकाचा, म्हणजे विशेषणाविना होणाऱ्या ज्ञानाचा, अपवाद सोडला, तर प्रत्येक ज्ञानाला विशेष्य (ज्याच्याविषयी ज्ञान होते ते), प्रकार (त्याचे विशेषण म्हणून कळते ते) आणि त्या दोहोंना जोडणारा संसर्ग अशी रचना असते. डोळ्यांनी पाहिले, वाक्य ऐकले किंवा अनुमान केले, तरी हाती येते ते याच रचनेचे काहीतरी.

‘पर्वतो वह्निमान् धूमात्’ (डोंगर अग्निमान आहे, धुरामुळे) हे उदाहरण तर्कसंग्रह हे न्यायाचे प्रवेशपुस्तक वाचलेल्या प्रत्येकाच्या तोंडी असते. डोंगरावर धूर दिसतो, आणि जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती, म्हणजे न चुकणारे साहचर्य, पाहणाऱ्याला आठवते. नैयायिकाचे एवढ्याने समाधान होत नाही. ‘अग्नीला व्याप्य (अग्नीशिवाय न आढळणारा) असा धूर या डोंगरावर आहे’ असे एकच सलग ज्ञान, म्हणजे परामर्श, उपजावे लागते, आणि त्याच्या पाठोपाठ ‘डोंगर अग्निमान आहे’ ही अनुमिती, म्हणजे अनुमानाने होणारे ज्ञान, होते. व्याप्तीचे ज्ञान एका माणसाला आणि धुराचे ज्ञान दुसऱ्याला असेल, तर अनुमिती दोघांनाही होणार नाही. एकाच माणसाला दोन्ही असूनही ती परस्परांत गुंफली गेली नाहीत, तरी होणार नाही. ज्याला आपण तर्कशास्त्राचा नियम म्हणू, तो इथे ज्ञानाच्या उत्पत्तीचा नियम म्हणून मांडलेला आहे. मग हे तर्कशास्त्र म्हणावे की मानसशास्त्र? मतिलाल यांचे वाचन केलेल्या सदस्यांनी या प्रश्नावर अवश्य लिहावे.

प्रतियोगी

विषय अतिशय महत्त्वाचा आहे. मी १९६८ च्या पुस्तकापुरतेच लिहितो, कारण माझ्या मते त्यांचे सर्वांत कसदार काम तेच. नव्यन्यायाचे आचार्य गंगेश यांच्या तत्त्वचिंतामणीतील अभाववाद आणि त्यांच्या नंतरच्या रघुनाथ शिरोमणीचा नञ्वाद हे दोन ग्रंथभाग त्यात अनुवाद आणि विवरणासह आले आहेत.

‘भूतलावर घट नाही’ हे साधे वाक्य घ्या. नव्यन्याय विचारतो: कशाचा अभाव, कुठे, कोणत्या रूपाने आणि कोणत्या संबंधाने? घट हा प्रतियोगी, भूतल हा अनुयोगी, घटत्व हा प्रतियोगितेचा अवच्छेदक, म्हणजे मर्यादा ठरवणारा, धर्म आणि संयोग हा अवच्छेदक संबंध. ही चौकशी शब्दपांडित्यासाठी केलेली नाही. खोलीत लाल घडा असेल, तर ‘निळा घडा नाही’ हे खरे आणि ‘घडा नाही’ हे खोटे. दोन्ही अभावांत फरक आहे तो अवच्छेदकाचा. संबंधाचे महत्त्व तर याहून अधिक. घडा जमिनीवर संयोगाने असतो, पण समवायाने, म्हणजे अविभाज्य संबंधाने, तो आपल्या कपालांत, म्हणजे ज्या अवयवांपासून तो बनला त्यांत असतो. म्हणून घडा समोर जमिनीवर ठेवलेला असतानाही ‘समवायाने भूतलावर घट नाही’ हे विधान खरे ठरते. फ्रेगे आणि रसेल यांच्या आधुनिक तर्कशास्त्राच्या परंपरेत निषेधाचे चिन्ह अख्ख्या विधानाला लागते. इथे ते विधानाच्या आत शिरून नेमक्या जागी बसते, आणि मतिलाल यांनी हा फरक ज्या बारकाईने उलगडला आहे तो वाचण्याजोगा आहे.

याचा अनुमानाशी थेट संबंध आहे. व्याप्तिपंचकातील (व्याप्तीच्या पाच लक्षणांच्या चर्चेतील) पहिले लक्षण ‘साध्याभाववदवृत्तित्वम्’, म्हणजे जिथे साध्याचा (जे सिद्ध करायचे त्याचा, उदा. अग्नीचा) अभाव आहे तिथे हेतू (उदा. धूर) नसणे. हे लक्षण डोंगराच्या उदाहरणाला चपखल बसते. पण साध्य म्हणून वाच्यत्व (शब्दाने सांगता येणे) किंवा ज्ञेयत्व (जाणता येणे) घेतले, की ते कोलमडते, कारण या धर्मांचा अभाव कुठेच सापडत नाही आणि ‘साध्याभाववान्’ या पदाला अर्थच उरत नाही. अभावाचे स्वरूप पक्के केल्याशिवाय व्याप्तीचे लक्षण करता येत नाही. अभावविचाराला नव्यन्यायात एवढी जागा का मिळाली, याचे हे मुख्य कारण आहे.

एक वेगळी गोष्टही नोंदवावीशी वाटते. घटाभावाचा अभाव म्हणजे घटच, असे उदयनादी प्राचीनांचे मत. रघुनाथाला ते मान्य नाही. त्याच्या मते अभावाचा अभाव हा स्वतंत्र अभाव आहे, मात्र तिसरा अभाव पहिल्या अभावाहून वेगळा नाही. ब्राउवर यांच्या अंतःप्रज्ञावादी तर्कशास्त्रातही दुहेरी निषेधाने मूळ विधान परत मिळत नाही, परंतु तिहेरी निषेध मात्र एकेरी निषेधाएवढाच ठरतो. दोघांची कारणे अगदी भिन्न आहेत: ब्राउवर यांचा आग्रह सिद्धतेविषयी आहे, तर रघुनाथाचा आग्रह असा की निषेधरूपाने प्रतीत होणारी वस्तू भावरूप मानता येणार नाही. तरीही दोन परंपरा एकाच ठिकाणी पोहोचाव्यात, हे मला विलक्षण वाटते.

सम्यक्

धागालेखकांच्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट आहे: परामर्शाची ही उपपत्ती तर्कशास्त्र नाही. फ्रेगे यांनी १८८४ च्या अंकगणितावरील ग्रंथात पहिलेच पथ्य सांगितले, की मानसिक आणि तार्किक यांची सरमिसळ होऊ देऊ नये. ‘सर्व अ हे ब आहेत आणि क हा अ आहे’ यावरून ‘क हा ब आहे’ हे निष्पन्न होते, आणि ते कोणी मनात आणले वा न आणले तरी निष्पन्न होतेच. मनात काय उपजते हा अनुभवाने तपासण्याचा विषय आहे. थकलेल्या माणसाला परामर्श होऊनही अनुमिती झाली नाही, तर त्यामुळे युक्तिवादाला बाधा येत नाही.

दुसरा आक्षेप पंचावयवी वाक्याविषयी, म्हणजे न्यायाच्या पाच भागांच्या युक्तिवादाविषयी, आहे. त्यात उदाहरण अनिवार्य आहे आणि ते खरे असावे लागते. त्यामुळे ‘युक्तिवाद वैध आहे, पण त्याची आधारविधाने खोटी आहेत’ असे म्हणण्याची सोयच या व्यवस्थेत राहत नाही. आकार आणि आशय वेगळे करता येणे हा तर्कशास्त्राचा कणा आहे. मतिलाल यांनी कितीही सहानुभूतीने मांडणी केली, तरी ही उणीव लपत नाही.

अनुव्यवसाय

सम्यक् यांचे दोन्ही आक्षेप वजनदार आहेत आणि दोहोंची उत्तरे एकसारखी नाहीत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

दुसरा आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे. न्यायाला वैधतेपेक्षा प्रमेची, म्हणजे यथार्थ ज्ञानाची, चिंता अधिक आहे, आणि खोट्या आधारांवरचा वैध युक्तिवाद त्याच्या दृष्टीने सदोषच. मतिलाल यांनीही ही गोष्ट झाकलेली नाही. अनुमान हे त्यांनी जाणण्याचे साधन म्हणून वाचले, आणि त्या साधनाचा वादविवादाच्या परंपरेशी असलेला संबंध त्यांनी वारंवार दाखवला. समोरच्याला पटवायचे असेल तर दोघांनाही मान्य असलेले उदाहरण लागते. ‘महानसवत्’ (जसे स्वयंपाकघरात) या पदाचे काम तेच आहे.

पहिला आक्षेप मात्र मला अंतिम वाटत नाही. नव्यन्यायातील कारणनियम कोणत्या स्वरूपाचे आहेत ते पाहू. ‘तद्वत्ताबुद्धीला तदभाववत्तानिश्चय प्रतिबंधक असतो’ हा नियम घ्या, म्हणजे एखादी गोष्ट तिथे नाही असा निश्चय ती तिथे आहे या ज्ञानाला अडवतो. डोह जलमय आहे, तिथे अग्नी नाही, असा निश्चय ज्याला आहे त्याला ‘डोह अग्निमान आहे’ असे ज्ञान होणार नाही. वरवर पाहता हे मनाचे वर्णन आहे. पण या नियमाच्या अटी कोणत्या? दोन्ही ज्ञानांचे विशेष्य एकच असले पाहिजे, एकात जो प्रकार आहे त्याचाच अभाव दुसऱ्यात प्रकार असला पाहिजे, अवच्छेदक धर्म आणि संबंध जुळले पाहिजेत. प्रतियोगी यांनी दिलेले उदाहरणच इथे लावा: ‘समवायाने भूतलावर घट नाही’ हा निश्चय ‘संयोगाने भूतलावर घट आहे’ या ज्ञानाला आडवा येत नाही. माणूस थकलेला आहे की ताजातवाना, हे या नियमाला ठाऊकच नाही. सगळ्या अटी ज्ञानाच्या विषयरचनेतून आलेल्या आहेत, आणि ती रचना चैत्र नावाच्या एका माणसाच्या ज्ञानात जशी असते तशीच मैत्र नावाच्या दुसऱ्याच्या ज्ञानातही असू शकते. तत्त्वज्ञ जितेंद्रनाथ मोहंती यांनीही याच दिशेने उत्तर दिले आहे: न्यायाचे तर्कशास्त्र ज्ञानांचे आहे, परंतु ती ज्ञाने कोणा एकाच्या खासगी मनोवस्थांपुरती बंदिस्त नाहीत.

याहून महत्त्वाचा मुद्दा आहार्य ज्ञानाचा आहे, आणि या ठिकाणी नैयायिकांची दृष्टी किती सूक्ष्म होती ते कळते. वर सांगितलेला प्रतिबंध सर्वत्र लागू केला, तर ‘अग्नी नसता तर धूरही नसता’ असा विचारच करता येणार नाही, कारण अग्नी आहे हे माहीत असताना तो नसल्याची कल्पना मनात आणावी लागते. म्हणून नैयायिक म्हणतात, की बाधनिश्चय, म्हणजे उलट निश्चय, असतानाही इच्छेने उत्पन्न केलेले ज्ञान संभवते. ते आहार्य, आणि प्रतिबंधाच्या नियमातून ते वगळलेले आहे. तर्क, म्हणजे अनिष्टापत्ती दाखवणारा युक्तिवाद, याच आहार्य आरोपावर उभा असतो. मात्र आहार्य परामर्शापासून अनुमिती होत नाही. त्यासाठी निश्चयच लागतो. एखादी गोष्ट केवळ विचारात घेणे आणि ती खरी म्हणून स्वीकारणे, हा जो भेद फ्रेगे यांच्या पद्धतीत फार मोलाचा मानला जातो, त्याची गरज इथे ओळखलेली आहे, आणि ती ज्ञानाच्या चौकटीत राहूनच भागवलेली आहे.

शाब्दबोध

भाषेची बाजू अजून आली नाही म्हणून लिहितो. ‘चैत्रः तण्डुलं पचति’ हे वाक्य ऐकल्यावर श्रोत्याला काय कळते, यावर तीन शास्त्रे भांडत आली आहेत. नैयायिकांच्या मते मुख्य विशेष्य प्रथमान्त पदाचा अर्थ, म्हणजे चैत्र. तांदूळ शिजवण्याला अनुकूल अशी कृती ज्याच्यात आहे तो चैत्र, असा बोध होतो. वैयाकरणांच्या मते क्रिया मुख्य. चैत्र ज्याचा कर्ता आणि तांदूळ ज्याचे कर्म असा पाकव्यापार, असा बोध होतो. मीमांसक भावनेला, म्हणजे फळ घडवून आणणाऱ्या व्यापाराला, मुख्यत्व देतात. शब्द तेच, प्रसंग तोच, आणि तरी वाक्यार्थाचे केंद्र वेगळे. ही चर्चा व्याकरणाची आहे, तर्काची आहे आणि मनाचीही आहे, कारण प्रत्येक पक्ष श्रोत्याच्या ज्ञानात विशेष्य कोणते हेच विचारत आहे. धागालेखकांच्या सूत्राला याहून चांगला पुरावा मला सुचत नाही.

याच्या पुढची पायरी वैयाकरण भर्तृहरीची. ‘न सोऽस्ति प्रत्ययो लोके यः शब्दानुगमादृते’: शब्दाचा अनुगम नसलेले ज्ञानच लोकी नाही, असे तो म्हणतो. बौद्ध तत्त्वज्ञ दिङ्नाग नेमका याच्या विरुद्ध उभा राहतो. त्याच्या मते प्रत्यक्ष हे कल्पनापोढच असते, म्हणजे शब्दयोजनेचा तिथे शिरकावच नाही. न्यायसूत्रातील प्रत्यक्षाच्या लक्षणात ‘अव्यपदेश्यम्’ (शब्दात न सांगता येणारे) आणि ‘व्यवसायात्मकम्’ (निश्चयरूप) ही दोन्ही पदे एकत्र नांदतात, आणि वाचस्पती मिश्राने त्यांतून निर्विकल्पक व सविकल्पक (विशेषणासह होणारी) अशा दोन अवस्था काढल्या. ‘परसेप्शन’मधील मतिलाल यांचे बळ या तिघांना एकाच वादात समोरासमोर आणण्यात आहे.

पूर्वपक्ष

सर्व प्रतिसाद वाचले. माहिती उत्तम आहे, परंतु या सगळ्या मांडणीखाली एक गृहीत आहे, ते बोलून दाखवणे आवश्यक वाटते. रघुनाथ महत्त्वाचा का, तर तो ब्राउवर यांच्याशी जुळतो. आहार्य ज्ञान मोलाचे का, तर फ्रेगे यांचा भेद त्यात सापडतो. प्रमेची सर्व लक्षणे खोडणारा श्रीहर्ष वाचायचा का, तर १९६३ मध्ये तत्त्वज्ञ गेटियर यांनी ज्ञानाच्या लक्षणाविरुद्ध जे तीन पानांत लिहिले त्याची चाहूल त्याला होती. प्रमाणपत्र दरवेळी पश्चिमेकडूनच का घ्यावे? न्यायसूत्राच्या पहिल्याच सूत्रात निःश्रेयसाची, म्हणजे मोक्षाची, प्राप्ती हे प्रयोजन सांगितले आहे. ते बाजूला ठेवून उरलेल्या भागाला तर्कशास्त्र म्हणायचे आणि त्याचा गौरव करायचा, यात त्या शास्त्राला न्याय मिळत नाही.

१९८३ मध्ये पुण्यात मे. पुं. रेगे आणि दया कृष्ण यांच्या पुढाकाराने पारंपरिक पंडित आणि आधुनिक पद्धतीने शिकलेले तत्त्वज्ञ यांचा संवाद झाला. रसेल यांची विधानविषयक उपपत्ती पंडितांपुढे संस्कृतात मांडली गेली आणि त्यांनी तिच्यावर आपल्या शास्त्राच्या भूमिकेतून प्रश्न विचारले. त्या प्रयोगात कसोटी लागली ती रसेल यांची. मला ती दिशा अधिक सकस वाटते.

अनुव्यवसाय

पुण्याच्या संवादाची आठवण करून दिली हे फार चांगले झाले, कारण त्यातील मध्यवर्ती अडचण या धाग्याच्या विषयाशी थेट निगडित आहे. कोणाच्याही ज्ञानावर अवलंबून नसलेले, खरे किंवा खोटे असणारे एक अमूर्त विधान असते, ही कल्पना नैयायिकाला अनावश्यक वाटते. वस्तू आहेत, वाक्ये आहेत आणि ज्ञाने आहेत. चौथा पदार्थ कशासाठी मानायचा? हा प्रश्न लाघवाचा, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पदार्थ न मानण्याचा, आहे, आणि सम्यक् यांच्या फ्रेगेवादी आक्षेपालाही तो तितकाच लागू पडतो.

प्रमाणपत्राविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. मतिलाल यांची तुलना साम्यावर थांबत नाही. श्रीहर्षाची उदाहरणे घ्या. मुठीत किती कवड्या आहेत असे कोणी विचारतो, ऐकणारा सहज ‘पाच’ म्हणतो आणि मुठीत पाचच निघतात. दुसऱ्या उदाहरणात धुक्याला धूर समजून कोणी अग्नीचे अनुमान करतो आणि तिथे खरोखरच अग्नी असतो. गेटियर यांच्या उदाहरणांशी यांचे नाते उघड आहे. पण गेटियर ‘ज्ञान म्हणजे सकारण खरा विश्वास’ या प्रचलित लक्षणातील त्रुटी दाखवत होते, तर श्रीहर्षाला प्रमेचे कोणतेच लक्षण टिकत नाही हे दाखवायचे होते. तो वितंडेच्या मार्गाने जातो, म्हणजे स्वतःचा सिद्धांत न मांडता खंडन करतो. असा माणूस काही नाकारतो तेव्हा तो उलट बाजूला बांधला जातो का, हा प्रश्न मतिलाल यांनी नागार्जुनाच्या संदर्भातही धसास लावला. तिथे प्रसज्यप्रतिषेधाच्या, म्हणजे निव्वळ नकाराच्या, आधारे त्यांनी दाखवले, की विधान नाकारणे म्हणजे त्याच्या विरुद्ध विधान स्वीकारणे असे होत नाही. ज्याला लोक गूढवाद म्हणून सोडून देतात, त्यातही तपासता येण्याजोगा तर्क आहे हे त्यांनी सिद्ध केले. निःश्रेयसाच्या प्रयोजनाला वगळून हे झालेले नाही.

धुक्याचे उदाहरण कवड्यांच्या उदाहरणाहून अधिक अवघड आहे, याकडेही लक्ष वेधतो. कवड्यांबाबत निव्वळ अटकळ आहे, निश्चय नाही. धुक्याच्या प्रसंगी निश्चय आहे, व्याप्तीही खरी आहे, अनुमितीही विषयाला धरून आहे, आणि तरी परामर्श अयथार्थ आहे. अशा अनुमितीला प्रमा म्हणावे की नाही, यावर मला स्वतःला ‘म्हणू नये’ हाच पक्ष योग्य वाटतो, कारण ज्ञान ही घडणारी गोष्ट मानली की ते कशापासून घडले हे त्याच्या प्रामाण्याच्या विचारातून काढून टाकता येत नाही.

सम्यक्

प्रतिबंधकाच्या अटी विषयरचनेतूनच येतात, हे उत्तर मला विचार करायला लावणारे आहे. तरी मनाविषयी एक शंका राहते. ‘युगपज्ज्ञानानुत्पत्तिर्मनसो लिङ्गम्’ या सूत्रानुसार अनेक ज्ञाने एकाच वेळी उपजत नाहीत, म्हणून अणुरूप मन मानले जाते. आपल्याला ज्ञान झाले हेही या मनानेच कळते, तुमच्या सदस्यनामातील अनुव्यवसायाने. मग त्या अनुव्यवसायाचे ज्ञान कशाने? अनवस्था, म्हणजे न संपणारी साखळी, कशी टळते? आणि शिंपीला रुपे समजणाऱ्याचा अनुव्यवसाय खरा की खोटा?

अनुव्यवसाय

अनवस्थेचे उत्तर न्यायाने सरळ दिले आहे. विषय प्रकाशित करण्यासाठी ज्ञानाला स्वतः ज्ञात व्हावे लागत नाही. घट दिसला की व्यवहार सुरू होतो. ‘मला घट दिसतो आहे’ हे ज्ञान दरवेळी झालेच पाहिजे असे नाही, आणि झाले तरी त्याच्या पुढचे झालेच पाहिजे असेही नाही. मीमांसक प्रभाकराचे स्वप्रकाश (स्वतःच स्वतःला कळणारे) ज्ञान किंवा भाट्ट मीमांसकांनी ज्ञाततेवरून, म्हणजे वस्तू ‘कळलेली’ असण्यावरून, केलेले ज्ञानाचे अनुमान, यांपेक्षा हा पक्ष मतिलाल यांना अधिक जवळचा होता, आणि ‘परसेप्शन’मध्ये आपल्याला कळते हे आपल्याला कसे कळते यावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे.

शिंपीच्या प्रसंगी ‘हे रुपे आहे’ हे ज्ञान अयथार्थ, पण ‘मला हे रुपे म्हणून दिसते आहे’ हा अनुव्यवसाय यथार्थ, कारण पहिल्या ज्ञानात रजतत्व हा प्रकार खरोखरच होता. त्या प्रकाराची सत्यता अनुव्यवसायाच्या कक्षेत येत नाही. ती परतः, म्हणजे दुसऱ्या आधाराने, कळते: हात पुढे करून वस्तू उचलल्यावर, प्रवृत्ती सफल झाली की विफल यावरून. इथे खरी अडचण अशी, की मनाचा संनिकर्ष (संपर्क) आत्म्याशी आणि ज्ञानाशी समजू शकतो, परंतु समोर नसलेल्या रुप्याशी मनाचा संबंध कोणता? नैयायिक पहिल्या ज्ञानालाच तो संबंध मानतात, म्हणजे ज्ञानलक्षण प्रत्यासत्ती (आधीच्या ज्ञानातून येणारा संबंध). चंदन दुरून पाहताच ते सुगंधी भासते, त्या प्रसंगी ते हीच सोय वापरतात. दोन्ही ठिकाणी एकच संबंध पुरतो का, की शिंपीच्या बाबतीत त्याच्यावर जास्त भार पडतो, यावर शाब्दबोध आणि प्रतियोगी यांनी लिहावे अशी विनंती आहे.